कप्तानाची बायको

डॅनिका : ते खोडरबर खाली ठेवा, आयलीबाई.

आयली : कुठलं खोडरबर?

डॅनिका : आत्ता बाहीत सरकवलंत ते.

आयली : अगं, नाटक माझं आहे. याच बोटांनी टाइप केलंय. माझ्याच नाटकाला मी हात लावायचा नाही?

डॅनिका : हात लावा, वाचा, हवं तर वास घ्या. पण खाडाखोड नाही. तुम्ही सगळे खोके विद्यापीठाच्या या संग्रहालयाला देऊन टाकलेत. संहिता, पत्रं, प्रयोगांचे फोटो, दंतवैद्याची बिलंसुद्धा. तुमच्या तळघरातून मीच उचलून आणलेत. कंबर अजून कुरकुरते.

आयली : बिलांच्या पाठीमागे संवाद आहेत म्हणून दिली. दातांचं कौतुक म्हणून नव्हे.

डॅनिका : आणि हे काय? तिसऱ्या अंकावर आडवी रेघ?

आयली : जुनी असेल.

डॅनिका : रबराचा भुगा अजून कागदावर आहे.

आयली : वाकडी आली गं. सरळ मारावी म्हणून पुसत होते.

डॅनिका : आयलीबाई! या नाटकाची मूळ प्रत ही एकच आहे. कधी छापलं गेलं नाही ते.

आयली : म्हणून तर इथं यावं लागलं. हळू बोल. ऑरिन बाहेरच्या बाकावर बसलाय जहाजं बघत. त्याला कळायला नको.

डॅनिका : नवऱ्याला काय कळायला नको?

आयली : हे नाटक पुन्हा बसवतायत ना, तर तालमीत तो अडखळतो. छोटी वाक्यं बरोबर येतात, पण कप्तानाचं ते लांबलचक भाषण सुरू झालं की मध्येच धागा सुटतो. मग नुसता उभा राहतो. परवा माझ्याकडे बघत उभा राहिला, जशी काही मीच त्याचे शब्द लपवून ठेवलेत. दिग्दर्शिकेला म्हटलं, अर्धं काप. ती म्हणते, ते भाषण म्हणजे नाटकाचा जीव, एक शब्द काढणार नाही. झेपत नसेल तर दुसरा नट घेऊ.

डॅनिका : आणि तुम्ही काय म्हणालात?

आयली : थाप मारली. म्हटलं, माझ्या मूळ प्रतीत ते अर्धं कापलेलंच होतं. ती म्हणाली, दाखवा.

डॅनिका : अरे देवा.

आयली : तिशीत दाढी चिकटवून त्यानं तो म्हातारा केला. घाम आला की दाढी सुटायची, हा हनुवटीला हात लावून विचारमग्न व्हायचा. लोक म्हणायचे, काय अभिनय! आता दाढी खरी आहे, गुडघे खरे आहेत, आणि नेमकी आता ती भूमिका त्याच्याकडून काढून घ्यायची?

डॅनिका : मला वाईट वाटतंय. खरंच. पण खोटी रेघ मी इथं राहू देणार नाही. उद्या कोणी अभ्यासाला येईल.

आयली : कोण येतंय इथं!

डॅनिका : मी आले होते, नोकरीच्या आधी. कप्तान एवढं बोलतो आणि स्वयंपाकघरातून बायको एकदाही उत्तर देत नाही, त्या मौनावर माझा अख्खा प्रबंध आहे.

आयली : मौन कसलं! बायकोचं काम आमची नटी हेल्गा करणार होती. ऐन तालमीच्या आठवड्यात लग्न करून विनिपेगला पळाली. दुसरी बाई मिळेना, मग मी तिची वाक्यं चुलीत घातली.

डॅनिका : चुलीत? मी त्यावर दोनशे पानं लिहिलीत.

आयली : वाचली मी. फार सुंदर लिहिलंयस. मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला.

ऑरिन : (आत येत) आयली, बाहेरचं एक जहाज गेलं बघ. तू इतका वेळ काय करतेयस?

आयली : काही नाही रे. डॅनिकाला खोके दाखवतेय.

ऑरिन : तिचेच खोके तिला? अगं, हे तर आपलं नाटक, 'गोठलेलं बंदर'! बघू. तिसरा अंक. रेघ कोणी मारली?

डॅनिका : काका, ती...

ऑरिन : हे माझं भाषण आहे. आयली, तू मारलीस?

आयली : हो.

ऑरिन : मला जमत नाही म्हणून.

आयली : तुला जमावं म्हणून.

(ऑरिन पान टेबलावर ठेवतो.)

ऑरिन : मुली, इथं मोठ्यानं बोललं तर हाकलतेस का?

डॅनिका : आज दुसरं कोणी नाही, काका. बोला.

ऑरिन : 'ऐकतेस का गं? त्या सकाळी सरोवर आणि आभाळ एका रंगाचं झालं होतं. भोंगा दिला तर आवाज परत येईना. नकाशा समोर, होकायंत्र समोर, आणि बंदर कुठाय ते कुणाला सांगता येईना. मी इंजिन बंद करायला सांगितलं. आणि...' आणि...

आयली : टोपी काढलीस.

ऑरिन : टोपी? टोपी कशाला काढली असेल मी त्या थंडीत?

आयली : 'कान मोकळे व्हावेत म्हणून.'

ऑरिन : हां! 'कान मोकळे झाले, आणि वारा डाव्या कानाला लागला. म्हटलं, म्हणजे किनारा उजवीकडे. पोरं हसली. म्हणाली, म्हातारा कानानं जहाज चालवतो.' मग... मग काय गं?

आयली : 'मग बर्फ वाजला.'

ऑरिन : 'मग बर्फ वाजला! खाली, पार तळाशी, कपाटात कपबशा हलाव्यात तसा. आणि मला आपलं घर आठवलं.'

आयली : 'घर नाही. तुला भूक आठवली.'

ऑरिन : 'भूक आणि घर, माझ्यासारख्याला दोन्ही एकच.' आयली, आलं की सगळं!

आयली : आलं रे. आलं.

डॅनिका : थांबा. मी बोट ठेवून वाचत होते. तुमचं टोपीचं विचारणं सोडलं तर शब्दन् शब्द इथलाच आहे. फक्त काही वाक्यं बाईंच्या तोंडून आली. 'घर नाही, भूक' हेसुद्धा मूळचं कप्तानच स्वतःला म्हणतो.

आयली : मग?

डॅनिका : मग एक शब्द काढायचा नाही म्हणाली ना दिग्दर्शिका? कुठं काढलाय? बायको आतून बोलते, एवढंच. घरोघरी असंच चालतं. माझी आईसुद्धा बाबांची प्रत्येक गोष्ट आतूनच पुरी करते.

आयली : आणि तुझी दोनशे पानं?

डॅनिका : ती राहू द्या माझ्याकडे. मी आत्ताच तिला फोन लावते. इथं येऊन ऐकू दे. हे घ्या कोरे कागद. नव्यानं लिहा, आजची तारीख घाला. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवीन, या पानाच्या शेजारी. आणि ती रेघ मी पुसते. तुम्ही नाही.

ऑरिन : पण आतून बोलायला नटी कोण? हेल्गा येईल का?

आयली : हेल्गा विनिपेगच्या दफनभूमीत आहे, ऑरिन. मी बोलेन.

ऑरिन : तू? उभ्या जन्मात रंगमंचावर पाय ठेवला नाहीस. पहिल्या प्रयोगाला तर बाहेर बर्फात उभी होतीस.

आयली : तिथं कुठं रंगमंच? पडद्याआड खुर्ची टाकून बसेन. कुणाला दिसणार नाही.

डॅनिका : फोन लागला. चारच्या आत पोचते म्हणाली. आवाज कडक होता, पण येतेय.

आयली : येऊ दे. ऑरिन, पाणी पी आणि घसा साफ कर.

ऑरिन : प्रयोग कधी आहे म्हणालीस?

आयली : या शनिवारी.

ऑरिन : तू येणार आहेस ना बघायला?

आयली : मी आत असेन. स्वयंपाकघरात.

ऑरिन : मग ठीक आहे.