गौरक्कांचा पंखा

आमच्या पोह्याच्या गिरणीला करमाफी मिळाली ती एका बंद पडलेल्या जनरेटरमुळे, खोटं सांगत नाही. मागास गावात कारखाना काढला तर काही वर्षं विक्रीकर माफ, असं सरकारने ठरवलं. म्हणून अण्णांनी, माझ्या थोरल्या भावाने, हुबळीचा बाजार सोडून अळणावरकडच्या एका खेड्यात जागा धरली. गाव खरंच मागास आहे का, ते बघायला साहेब येणार होते. गावाने मात्र मुलगी दाखवायची असावी तशी तयारी केली. मांडव घातला, गाद्या अंथरल्या, जनरेटर आणून पंखे लावले.

साहेब पंख्याखाली टेकले आणि म्हणाले, "हे गाव कुठल्या बाजूने मागास आहे?"

अण्णांचा चेहराच उतरला. तेवढ्यात जनरेटर बंद पडला, पंखे थांबले. चहा घेऊन आलेल्या गावातल्याच गौरक्का म्हणाल्या, "बसा की साहेब. पंखे पाहुणे होते, गेले. आता आमचं गाव बघा."

साहेबांनी घाम पुसत गाव पाहिलं आणि सही केली.

करमाफीची मुदत कधीच संपली, गिरणी चालूच आहे. गौरक्कांची सून तिथेच कामाला आहे. परवा त्यांच्या घरी गेलो, तर चहाआधी त्यांनी पंखा लावला आणि म्हणाल्या, "हा घरचा."