गेर माझ्याकडं व्हता

माझं नाव जैतूनबी. माहेर उमरग्याच्या खालतं, पार कर्नाटकाच्या शिवंला, इतकं शिवंला की आमच्या गल्लीत मराठी बोलायचे, पल्याडच्या गल्लीत कानडी, आन आमी घरात दखनी, त्यामुळं मला तिन्ही भाषेत भांडता येतंय. बाप पिंजारी. खांद्यावर ती मोठी धनुकली घेऊन गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत हिंडायचे, आन मी बारकी त्यांच्या मागं मागं. कापूस ओला हाय का वाळलाय ते अब्बा हात लावून बघत न्हवते, धनुकलीची तात कशी वाजतीय त्यावरनं सांगायचे, आन ऐकून ऐकून मला बी कळाया लागलं, मी लांबनंच म्हणायची अब्बा ओला हाय, उन्हात टाका. शाळा म्हणाल तर जेमतेम झाली, पण कान शिकलेला हाय माझा. हसू नका, पुढं सांगते त्याचं काय झालं ते.

लग्न करून आले लोहाऱ्याला. आमचे हे, दस्तगीर नाव, लोहारा ते उमरगा जीप चालवायचे. काय सांगू तुम्हाला, तवाची जीप म्हणजे पुढच्या सीटवरच चार माणसं, त्यातलं एक तर डायवरच्या बी उजव्या अंगाला, आन त्याचं अर्धं अंग दाराच्या बाहेर. आन गेरचा दांडका कुठं, तर जे मधी बसलंय त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधी. गेर बदलायचा म्हणलं की हे म्हणायचे, पाव्हणं, गुडघा. की पाव्हणं गुडघा सरकवायचं. रोजच्या माणसांना सांगावं बी लागत न्हवतं, एक मास्तर व्हते ते पेपर वाचता वाचता गुडघा हलवायचे. आपली गाडी कितव्या गेरात चाललीय ते मागच्या फळीवर शेळी घेऊन बसलेल्या म्हातारीला बी ठाऊक असायचं. त्यात लपवण्यासारखं काय न्हवतंच.

मग इर्शाद, म्हणजे आमचा पोरगा, चालाया लागला त्या साली हे टपावरनं पडले. टपावर कुणाचं तरी तुरीचं पोतं चढवत व्हते, पाय घसरला, डाव्या खांद्यावर आले. सोलापूरला नेलं, हात जोडला त्यांनी, पण पुढं ताणला जाईना. डॉक्टर म्हणाले जीप इका आता, ह्या हातानं गेर पडायचा न्हाय. घरी आल्यावर हे कुणाशी बोलेनात, भिताडाकडं तोंड करून पडायचे. मला बघवना. मी म्हणलं स्टेरिंग उजव्या हातानं धरता येतंय का? म्हणाले येतंय. किलच दाबता येतोय का? म्हणाले पायाला काय झालंय. मग म्हणलं गेर मी टाकते, उठा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बाईला खुळ लागलं का काय.

पण उठले. बाजाराचं मैदान मोकळं असायचं, तितं आमी शिकलो. पहिल्यांदा ते म्हणायचे दुसरा, मग मी टाकायची, खर्र वाजायचं, आन ते डोक्याला हात लावायचे, म्हणजे उजवा, डावा वर जातच न्हवता. पण थोड्या दिसात मला त्यांच्या सांगण्याची गरजच राहिली न्हाय. इंजनाचा आवाज असा भरत येतो, भरत येतो, आता बास झालं म्हणतो, तितंच त्यांचा पाय किलचवर जायचा आन तितंच माझा हात. चढ आला की इंजन कण्हायला लागायचं, की मी खाली आणायची. लोकं पहिल्यांदा हसली, हसू देत, मग काय झालं माहीत हाय का, डायवरच्या बाजूला बाई बसलीय म्हणल्यावर सगळ्या बाया आमच्याच जीपला याया लागल्या. दुसऱ्या जीपवाल्यांचा जळफळाट. एकदा हवालदारानं अडवलं, ही काय भानगड हाय म्हणाला, मी म्हणलं साहेब गाडी हेच चालवतात, मी निस्ता हात देते. त्यानं कपाळ धरलं आन जा म्हणला.

आन आमचं भांडण झालं, आन नवरा-बायकोचं व्हतंच की ओ, तर मी मुद्दाम तिसरा द्यायची न्हाय. दुसऱ्यावरच बोंबलत जायची गाडी. हे बोलायचे न्हाईत, मी बोलायची न्हाय, मागची माणसं वैतागून म्हणायची भाभी, माफ करा की दस्तगीरभाईला, आमाला कोर्टात पोचायचंय. मग हे हळूच म्हणायचे, दे की. की मी द्यायची. अशी आमी पोरं वाढवली, इर्शादला शिकवलं, पोरगी नळदुर्गला दिली. जीप म्हातारी झाली, एक दिवस भंगारात गेली, मी तितं गेलेच न्हाय बघायला.

आता इर्शाद हैदराबादेत कंपनीत हाय. पोरगं गुणाचं, मी वाईट बोलायची न्हाय. गेल्या बकरी ईदला नवी कोरी गाडी घेऊन आला, म्हणला अब्बा, तुमच्या हातासाठी घेतली, हिला किलच न्हाय आन गेर बी टाकावा लागत न्हाय. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी आत डोकावले तर मधी दांडकाच न्हाय! निस्ता एक गोल खुंटा, गॅसच्या शेगडीला असतो तसला, आन त्याच्या खालीच दुसरा, तसलाच, तेवढाच. म्हणलं इर्शाद, गेर कुठाय? म्हणला अम्मी, हाच गेर, ह्या अंगाला फिरवला की पुढं, त्या अंगाला मागं, मधी मोकळी. आन हा दुसरा? तो गार हवेचा. हँडब्रेक म्हणजे एक नखाएवढं बटण, ते वर उचलायचं. चावी निस्ती खिशात ठेवायची, गाडी चालू व्हती ती बटणानं. गाडी कितव्यात हाय ते स्टेरिंगच्या मागच्या काचेत एक बारकं अक्षर उमटतं, चष्मा लावला तर दिसतं. आन ह्यांचा चष्मा कायम खिशात. मी म्हणलं बाबा, ज्यानं हे केलं त्यानं जाणूनबुजून सारखे केले का दोन्ही? इर्शाद म्हणला दिसायला भारी दिसतं. दिसतं खरं, मी न्हाय म्हणत न्हाय.

दुसऱ्या दिवशी निघालो नळदुर्गला, पोरीकडं. हे चालवत व्हते, मी बाजूला, इर्शाद मागं. हायवेला लागलो, सगळं गार, मऊ, मला बसल्या बसल्या बरं वाटत व्हतं. पुढं चढ लागला आन इंजन कण्हलं. आता काय सांगू, मी ठरवून न्हाय केलं ते, माझा हात आपोआप गेला. इतकी वर्षं चढाला इंजन कण्हलं की हात जातोय, तो काय मला इचारून जातोय व्हय? गेला आन खुंटा फिरवला. गाडी मोकळी झाली, जोरच गेला. ह्यांनी पाय दाबला तर इंजन निस्तं किंचाळतंय आन गाडी हळू हळू व्हत चाललीय, मागनं ट्रकवाला हारनवर हारन, अंगावरच आला व्हता, शेवटाला बाजूनं काढला त्यानं, दोन शिव्या देऊन. इर्शादनं मागनं वाकून खुंटा फिरवला, अब्बा ब्रेक दाबा, ब्रेक, तवा कुठं गाडी लागली.

इर्शादचं तोंड पांढरं पडलं व्हतं. भ्याला व्हता पोरगा, मी समजते. पण म्हणला, अम्मी तुला कुणी सांगितलं हात लावायला, आजपास्नं तू मागं बसायचं. मी ह्यांच्याकडं बघितलं. एक शबूद बोलले न्हाईत. समोर बघून चालवत राहिले. नळदुर्गला पोरीनं काय खाऊ घातलं ते मला आठवत बी न्हाय. येताना मी मागं बसले. समोर ह्यांची मान दिसत व्हती, आन मला वाटलं, अल्ला, मी आता ह्यांची पाशिंजर झाले. लई रडू आलं, पण इर्शाद व्हता म्हणून गिळलं.

इर्शाद गेल्यावर हे म्हणाले, मागं बरं की, पाय पसरून बसता येतं. असा संताप आला म्हणता! मी म्हणलं तुमीच पसरा पाय, मी काय त्या गाडीत बसत न्हाय. आन न्हाय बसले. पोरीकडं जायचं तर एसटीनं गेले. हे आपले एकटेच चालवायचे. येऊन सांगायचे लई झक्कास चालतीय, मी म्हणायची चालू द्या.

मग तो लोहाऱ्याचा बाजार आला. ह्यांना एका वळखीच्या माणसाला डाळीची पिशवी द्यायची व्हती, दोन मिनिटाचं काम, म्हणून इंजन चालूच ठेवलं, खुंटा फिरवला, उतरले. पण फिरवला तो हवेचा! गार हवा बंद झाली आन गेर तसाच पुढं. ब्रेकवरचा पाय निघाला की गाडी निघाली आपली, आवाज न्हाय, काय न्हाय, चोरावानी. समोर पेरूवाली बसलेली. हे पळाले, दार धरायला गेले तर डाव्या हाताच्या अंगाला दार, हात पुढं जाईना. वरडले, बाई, ऊठ! ती बाई उठली, बाजूला झाली, तिची पाटी गाडीखाली गेली, आन गाडी लिंबाला टेकून थांबली. बाई वाचली, शुकर हाय. पण घरी येऊन ह्यांनी चावी खुंटीला अडकवली आन म्हणाले बास. जैतून, ती गाडी सांगतच न्हाय गं कितव्यात हाय ते, मला कळतच न्हाय. आन परत तसंच, भिताडाकडं तोंड.

एक दिस बघितलं, दोन दिस बघितलं. चावी खुंटीला लटकतीय, गाडीवर धूळ बसतीय, पोरं तिच्यावर बोटानं नावं काढतायत. मला माझा राग धरून बसायला जमलं असतं, मी बसणारी हाय, पण हा माणूस पडलेला मला बघवत न्हाय, तवा बी न्हाय आन आता बी न्हाय. सकाळी चहा दिला, चावी काढली, म्हणलं चला मैदानावर. म्हणाले मी न्हाय चालवत. म्हणलं तुमाला कोण चालवा म्हणतंय? मी चालवते. म्हणाले तू? म्हणलं मी. मागं बसायची न्हाय म्हणले न्हवं, मग पुढंच बसते, पार पुढं.

बसले जाऊन स्टेरिंगला. आधी इंजन चालू केलं आन नुस्ती ऐकत बसले. पाय ब्रेकवर, खुंटा पुढं फिरवला की गाडी जरा दम धरल्यावानी करती, सीटला बारीक वढ लागती, आवाज खाली बसतो. परत फिरवून थांबवली की मोकळी व्हती. हे म्हणाले मला तर काय ऐकू येत न्हाय. म्हणलं तुमी आयुष्यभर पायानं चालवली, तुमाला कसं येईल? तरी बी भरोसा नको म्हणून घरी येऊन मी त्या गेरच्या खुंट्याला लाल कापडाचं टोपरं शिवलं, बारक्या लेकराला घालतात तसलं. हाताला कापड लागलं की गेर, गुळगुळीत लागलं की हवा. हे म्हणाले इर्शाद वरडंल, गाडीची शोभा घालवली म्हणंल. म्हणलं पेरूवालीला इचारा शोभा.

पहिल्या दिवशी गाडीनं अशी उडी मारली की ह्यांनी कलमाच वाचला. मी म्हणलं मोठ्यानं वाचू नका, मला इंजन ऐकू येत न्हाय. रस्ता मला पाठ, खड्डा न् खड्डा पाठ, वळणं पाठ, निस्तं स्टेरिंग नवीन व्हतं, ते हाताला बसलं. हे बाजूला बसून सांगायचे, आधी वरडून, मी एकदा गाडी मधीच थांबवून खाली उतरले तवापास्नं गोडीनं. लायसनची परीक्षा दिली, साहेब माझ्या वयाकडं बघत व्हता, मी म्हणलं तुमी रस्त्याकडं बघा. पास केलं.

मग इर्शादला फोन लावला, म्हणलं गाडी आता मी चालवते. अम्मी, तू? म्हणला. मग म्हणला अब्बाला दे. मी दिला, मनात म्हणलं आता बी हे गप बसले तर मी काय करू? पण हे म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, शेजारी ऐकू जाईल असं, इर्शाद, तुझी अम्मी तू चालाया लागलास तवापास्नं डायवर हाय, त्या दिवशी मी बोलायला पायजे व्हतं, तुझ्या अम्मीनं चूक न्हाय केली, त्या गाडीनं तिचा हात वळखला न्हाय. मी चुलीकडं गेले आन पदर डोळ्याला लावून बसले. किती तरी वेळ.

आता हायेत तसे दिवस बरे हायेत. ह्यांना दवाखान्याला, पोरीला आणायला, शेजारच्या बायांना उमरग्याच्या बाजाराला, मीच नेते, बाया भांडतात मागं बसायला. गाड्या बनवणाऱ्यांवर माझा राग न्हाय, अल्ला त्यांच्या लेकराबाळांना सुखी ठेवो, निस्तं एकदा येऊन आमच्या रस्त्यानं चालवून बघा म्हणावं, म्हणजे कळंल माणसाचा हात कुठं जातोय ते. आन ह्या माणसाचं सांगते, जन्मभर चालत्या गाडीत ह्याचा डोळा कधी लागला न्हाय, दुसरा कुणी चालवत असला तर ताठ बसायचे, पाय निस्ता ब्रेक दाबत. आता माझ्या बाजूला बसतात, गाव सुटलं न सुटलं की मान खाली, घोरायलाच लागतात. मग मी उमरग्यापर्यंत हारन वाजवत न्हाय.