चौकटीपेक्षा अरुंद

हा? हा कोपऱ्यातला बारीक ठिपका म्हणजे मी? — नाही, राग नाही आला, मला राग येत नाही — पण तो कागद जरा खिडकीकडे धरा, चष्मा बदलला तरी मला काही दिसत नाहीये. हं. आता दिसला. वर करडा रंग दिलाय. म्हणजे मोठी वर्तुळं त्यांची, ज्यांनी ढिगानं लेख छापले, आणि दोघांनी मिळून लिहिलं की दोघांमध्ये रेघ, असंच ना? आणि ही मधली निळी जाळी म्हणजे उपग्रहाची चित्रं बघून काम करणारे — सगळे सगळ्यांना जोडलेले, एकेका लेखावर बारा-बारा नावं, त्यातल्या दहांनी ते रान जन्मात पाहिलेलं नसतं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, स्टुलावर बसा. चहा मी विचारणार नाही, कारण दहाच मिनिटं हवीत असं फोनवर तुम्हीच म्हणालात.

तर लँडस्केप इकॉलॉजीतल्या संशोधनाचा कल. रान, शेत, ओढा, रस्ता हे एकमेकांना कसे जोडलेले असतात आणि तोडले की काय होतं, एवढं साधं शास्त्र आमचं, आणि तुम्ही त्याचा कल काढायला निघालात. लेख किती गोळा केलेत? बापरे. आणि वाचलेत किती? — बघा, लगेच मान खाली गेली. मोजलेत. कुठला शब्द किती वेळा आला ते यंत्रानं मोजलं, आणि तुम्ही त्याला रंग दिलेत. 'मॉडेल' वाढलं, 'जोडणी' वाढली, 'पिंजरा' गेला, 'चिखल' तर कधी नव्हताच, चिखलाबद्दल कोण लिहितं. हे मी तुम्हाला फोनवरच सांगितलं असतं हो. आधी बूट चिखलात घालणारे लिहायचे, मग नकाशे बघणारे आले, मग नकाशे बघणाऱ्यांचे लेख मोजणारे आले, ते म्हणजे तुम्ही. जर्नलंही तशीच झाली. आख्ख्या खंडाचं लिहा, लगेच घेतात — एका ओढ्याबद्दल लिहा, आठ दिवसांत परत, 'विषय स्थानिक स्वरूपाचा आहे'. अहो, बेडूक स्थानिक स्वरूपाचाच असतो, त्याला खंड काय माहीत.

पण मला एक सांगा, माझ्याभोवती एकही रेघ कशी नाही? मी काय सगळं एकटीनं लिहिलं? — काय? पाच? मिळून लिहिलेले लेख पाचापेक्षा कमी असले तर रेघच काढायची नाही? कुणी ठरवलं हे? — चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. वा. आमचे चार होते. मुंगीचे आणि माझे, चार. म्हणजे तुमच्या हिशेबानं आमचा काही संबंधच नव्हता. बरोबर आहे, काही चुकलं नाही तुमचं, चित्र छान स्वच्छ आलंय.

मुंगी म्हणजे माझी विद्यार्थिनी. आता मोठी बाई आहे ती, या जाळीत कुठेतरी मधोमध असेल, तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा एवढीशी होती, दोन्ही हातांत पिंजरे घेऊन माझ्यापुढे चालायची, म्हणून मुंगी. दोन रानं होती आमची आणि मधे सगळी शेती, आणि त्या शेतीतून झुडपांची एक पट्टी गेलेली, दहा पावलं रुंद, तेवढीच. उंदीर या रानातून त्या रानात त्या पट्टीतून जातो का, एवढाच प्रश्न. पहाटे उठून पिंजरे बघायचे, सापडलेल्या उंदराच्या शेपटीला रंग लावायचा आणि सोडायचा, पुन्हा लावायचे. काटे किती टोचले विचारू नका. एकदा एका शेतमालकानं आमच्यातल्या एका मुलाला शिव्या देऊन हाकलून दिलं, तर ही पलीकडच्या बांधावरून तरातरा आली, पिंजरे खाली ठेवले आणि थेट त्याच्या दारात. मी म्हणतेय अगं जाऊ दे, ऐकतेय कसली. आपल्या माणसाला कुणी हाकललं की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परत आली ती परवानगी घेऊन, वर त्याच्याकडून कुत्री बांधून ठेवायचं कबूल करून घेऊन. आणि पुढच्याच आठवड्यात या रानातला लाल शेपटीचा उंदीर त्या रानात सापडला. सापडला तो तिलाच. पिंजऱ्यासमोर चिखलात मांडी घालून बसली आणि रडायला लागली, मी म्हटलं अगं रडतेस काय, त्याला सोड आधी.

पुढे? पुढे काय, सगळ्यांचं होतं तेच. बाहेर गेली, उपग्रहाची चित्रं शिकली, मोठ्या जर्नलात मोठा लेख आला, शेकडो रानांचा. कुठलं रान कशाला जोडलेलं, कुठलं तुटलेलं. मी आमची दोन रानं शोधली त्यात — आईच्या मायेनं शोधली म्हणा — तर तुटलेली. दोघांच्या मधे शून्य. कारण काय, तर तिच्या चित्रातली एकेक चौकट आख्ख्या शेताएवढी, आणि चौकटीपेक्षा अरुंद जे असेल ते शेतातच जमा. पट्टी गेली. जिनं त्या पट्टीत गुडघ्यांवर रांगून पिंजरे लावले, तिनंच छापलं की इथे काही नाही. मग मी त्याच जर्नलला लिहिलं. उघड, सही करून. त्यातला एक शब्द चूक नव्हता, आजही वाचून दाखवते. शेवटचं वाक्य — 'लेखिकेला ही पट्टी प्रत्यक्ष माहीत आहे, हे विशेष.' — तसे काय बघताय? खोटं आहे का ते? घरी बोलावून सांगायला ही काय भाजी जास्त खारट झाली होती? शास्त्र आहे, छापलेल्याला छापूनच उत्तर द्यायचं असतं.

तिनंही दिलं. माझ्या शेजारीच छापलं. 'लक्ष वेधल्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.' आम्ही. त्यांचे. मला बाई म्हणायची ती, या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायची, बाई काय केलंय आज — आणि आम्ही त्यांचे आभारी आहोत. ठीक आहे. मी काही वाट बघत बसले नाही. तिचे नंतरचे सगळे लेख चांगले आहेत, तीन-चार सोडले तर. गेल्या वर्षीच्या लेखात तर अरुंद पट्ट्यांसाठी वेगळी पायरीच घातलीय, आधी त्या हातानं काढायच्या आणि मगच चौकटी टाकायच्या. माझं नाव नाही त्यात. संदर्भांत नाही, आभारांत नाही, तळटीपेतही नाही. — मला कसं माहीत? वाचते म्हणून. विषयात राहायचं तर वाचावं लागतं. शेवटचं आभारांचं पान आधी उघडते, ती माझी सवय आहे, कुणाचाही लेख असो.

झालं? घड्याळ काय बघताय सारखे? कोण थांबलंय? — खाली? गाडीत? — थांबा, थांबा. तुमच्या गाईड म्हणजे — मुंगी? तिनं पाठवलं तुम्हाला? आणि हे आत्ता सांगताय, मी सगळं ओकून झाल्यावर? सांगू नकोस म्हणाली. वा रे वा. आणि स्वतः उन्हात गाडीत बसून राहिली, विद्यार्थ्याला पुढे घालून. का, जिना चढवत नाही? — काय म्हणाली? मी हाकलून देईन म्हणून.

पडदा नका सरकवू. मी बघत नाहीये, हवा येत नाही म्हणून उभी राहिले. ती राखाडी गाडी का? — केस कापलेत तिनं.

उठा. गुंडाळा तो कागद आणि निघा. खाली जाऊन तिला सांगा, बाईंनी हाकलून दिलं. — मी बरी आहे, सांगते तेवढं करा. स्टुलावर बसवलं म्हणा, चहासुद्धा विचारला नाही, वाटेल ते बोलल्या आणि बाहेर काढलं, यात खोटं काहीच नाही. आणि तोंड जरा पाडून जा, असे हसत नका जाऊ. मी ओळखते तिला, हे ऐकून ती गाडीत बसून राहायची नाही. जा आता. आणि जाताना दार ओढून घेऊ नका, राहू दे तसंच.