गाडीला अर्थ न्हाई

आम्ही मूळचे नायगावचेच. अब्बा सायकली दुरुस्त करायचे, मी गाड्यांची वायरिंग करतो, तीस वर्षं झाली असतील, आता माझ्या अंदाजापेक्षा मीटरवर भरवसा जास्त, मीटर खोटं बोलत न्हाई. माणूस मात्र, काय सांगू तुम्हाला, खरं बोलून बी घोटाळा करतो, मीच केलता.

बॅटरीच्या मायनसची वायर बोल्टानं गाडीच्या पत्र्याला कसलेली असती, तिला आमच्यात अर्थ म्हणतात. ती ढिली झाली की गाडी मेल्यावानी. हे आम्हाला ठावं, गिऱ्हाइकाला कसं ठावं असणार?

तर पार्वताबाई. नवरा वारला, तवा त्याचा छोटा टेम्पो स्वतः शिकून चालवू लागली, भाजीपाला नांदेडच्या बाजारात न्यायची. दीर रोज टोचायचा, बाईमाणसानं गाडी हाणण्यात काय अर्थ हाय, घाल भंगारात. ती बधली न्हाई, उलट टेम्पोला नवा निळा रंग मारून आणला. अन् रंग मारल्यापासून चावी फिरवून सेल मारला की नुसतं कटकट, कटकट. नवी बॅटरी टाकली तरी तेच. शेवटी ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडं आणला.

मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनला, म्हणलं मारा सेल. आकडा अर्ध्या व्होल्टाच्या आत पाहिजे, हे दाखवून राहिलं चार! कामात मला बोलायचा लई कंटाळा, त्यात जुम्म्याची अजान झाली, हात पुसत म्हणलं, ताई, गाडीला अर्थच न्हाई राहिला, अन् गेलो मशिदीत.

येऊन बघतो तर टेम्पो न्हाई. समोरचा चहावाला म्हणला, बाई परत ट्रॅक्टरला टेम्पो बांधून डोळे पुसत भंगारवाल्याकडं गेली, म्हणली आता मिस्तरी बी तेच म्हणून राहिला.

या अल्ला! फटफटीला किक मारली. भंगारवाला नंबरप्लेट काढूनच राहिलता. वरडलो, अरे थांब! बोल्ट खोलला, खाली रंगाचा हा जाड थर, रंगावरच अर्थ कसलेला, करंट जाणार कुठून? खरवडला, पत्रा उघडा केला, परत कसला, म्हणलं मारा सेल. एका झटक्यात चालू. बाई स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडली, मग तिनं मलाच झापलं, का रे भाऊ, नीट बोलायला तोंड दुखतं का तुझं?

हाव, चुकलंच माझं. लई वाईट वाटलं. तवापासून गिऱ्हाइकापुढं मी मायनसच म्हणतो. अल्ला तिचं चाक फिरतं ठेवो, आता रोज सकाळी दुकानापुढून जाताना हॉर्न देती, काच खाली करून इचारती, काय भाऊ, अर्थ हाय का? मी म्हणतो, हाय ताई, लई हाय.