जिथं डाळ शिजेल तिथं घर

माझं माहेर संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आणि सासर नदीपल्याड, म्हणजे लगीन झालं तरी मी काय लांब गेले नाय, माहेरचा कोंबडा आरवला की सासरी ऐकू यायचा. मंग आमच्या ह्यांना अंबरनाथला कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि मी चाळीत आले, एक खोली, पुढं गटार, पाठी गटार, आणि पाणी असं की माझ्या थोरल्याचं पोट बिघडलं ते काय केल्या बरं होईना, पोर हातचं जायचं राहिलं. तवाच मी मनाशी गाठ मारली, घर घेईन तर चांगल्या पाण्यावर, नायतर घेणारच नाय. हे नीट लिवा, पुढचं सगळं त्या पाण्यापायीच झालं.

तर काय सांगू तुम्हाला, फाळणी झाली आणि इकडं कल्याणच्या कॅम्पात सिंधी लोक आले, घरंदारं सोडून, मिलिटरीच्या बराकींत, आणि बघता बघता त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आमचे हे सुट्टीला सायकल काढून तिकडं जायचे आणि घरी येऊन तेच तेच सांगायचे, अगं काय ती माणसं, काल आली आणि आज कुणी पापड विकतोय, कुणी कापड शिवतोय, कॅम्पाला लागून एका गावकऱ्याची जमीन विकायला निघालीय, आज घेतली तर एका खोलीत आपण राहू, दोन भाड्यानं देऊ, म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको. दुसरी जमीन निघाली होती बदलापूरला, बेलवलीत. तिथं काय, भाताची खाचरं आणि आंबे. ह्यांचं मन उल्हासनगरवर. पण जमीन येणार कशातनं, तर माझ्या आयशीनं घातलेल्या पाटल्यांतनं, दुसरं होतं काय आमच्याकडं? मी म्हटलं, पाटल्या एकदाच मोडता येतात, गाव चुकलं तर हात उघडे आणि पोरं आजारी, तवा गाव मी ठरवणार. ह्यांनी वचन दिलं, तू म्हणशील तेच गाव. माझ्यापुढं कोण बोलतंय!

आता ठरवायचं कसं? आमच्याकडं जुनी माणसं सोयरीक करायला गेली की नवरा मुलगा मागनं बघायची, आधी तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून बघायची. जे पाणी चुलीवर डाळ शिजवत नाय ते पोटात काय शिजवणार, असं माझा आजा म्हणायचा. मी तेच धरलं. आणि डाळ वाण्याकडची नाय हां, सासूबाईंनी गावावरनं पाठवलेली, आमच्याच बांधावरची तूर, गाडग्यात जपून ठेवलेली. ती बांधली फडक्यात आणि ह्यांना घेऊन निघाले.

उल्हासनगरच्या त्या जमिनीत विहीर होती आणि विहिरीवर एक सिंधी बाई पाणी भरत होती, देवीबाई तिचं नाव, माझ्याहून थोडी मोठी. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, बाई, तुझ्या चुलीवर माझ्या सासूची एवढी डाळ टाकू दे. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, कुठनं आली ही येडी. ही मला हाताला धरून बराकीत घेऊन गेली. एवढी लांबलचक बराक, मधे गोणपाटाचे पडदे, एका पडद्याआड एक घर. आधी पापड दिला, पाणी दिलं, त्यांच्यात तशी रीतच हाय. मंग डाळ चढवली. दुपार झाली, उन्हं कलली, डाळ दाताखाली कडकडा वाजतेय. देवीबाई ढवळतेय, लाकडं सारतेय, तोंडातनं चकार शब्द नाय. मी ह्यांना बाहेर येऊन सांगितलं, पाणी जड हाय, इथं नाय घ्यायचं. ह्यांचा चेहरा पडला, पण वचन म्हणजे वचन.

मंग बेलवली. जमीन ज्याची त्याची बायको, गोमीबाय, आगरी, ही धिप्पाड, आवाज असा की स्टेशनावर ऐकू जावा. तिच्या चुलीवर डाळ चढवली. तिथंपण तेच! शिजेना म्हणजे शिजेना. म्हटलं, तुमचंपण पाणी जड दिसतंय. झालं! ती उठली, दुसरं भांडं ठेवलं, तीच कळशी उपडी केली, आपल्या मडक्यातली मूठभर डाळ टाकली, आणि मी घाम पुसते तोवर डाळ मऊ लोण्यासारखी. पळी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, पानी माजा, चूल माजी, डाल तुजी, मंग खोट कोनाची गो बाय?

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अहो, डाळच जुनी होती! सासूबाईंनी कुठल्या सालची गाडग्यात ठेवलेली ती आम्हाला धाडली होती, आणि जुनी डाळ गंगेच्या पाण्यातपण शिजत नाय. पण सासूच्या डाळीत खोट काढायची सुनेची छाती हाय काय? दोन गावांचं पाणी मी नासकं ठरवलं, पण त्या गाडग्याकडं माझं बोट गेलं नाय. हे तर असे हसले, असे हसले, की गोमीबायनं त्यांनापण दटावलं, हसतोस काय रं, तुज्या आयशीचीच डाल हाय ना!

आता न्याय तर करायला पायजे. नवी डाळ घेऊन परत देवीबाईकडं गेले. शिजली. झकास शिजली. मी तिला बेलवलीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तू रांधणारी बाई, तुला त्या दिवशीच कळलं असणार, मंग बोलली का नाय? म्हणाली, भेण, म्हणजे बहीण हो त्यांच्यात, तू सांगितलंस सासूची डाळ हाय, पाहुणीच्या सासूला मी नावं ठेवू? मंग पळी खाली ठेवली आणि म्हणाली, आमच्या घरात अंगणात विहीर होती, गोड पाणी. आम्हाला कुणी विचारलं नाय तुम्हाला कुठलं गाव पायजे, गाडीनं आणलं, उतरवलं. तू दोन दोन गावं चाखून बघतेस, बरं वाटतं बघायला. ती हे हसत म्हणाली हो, पण मला रडू आलं, मी तिच्या चुलीशी बसून पदर तोंडाला लावला.

पाणी दोन्हीकडचं चांगलं, मंग ठरवायचं कशावर? मी ठरवलं गोमीबायवर. जी बाई तोंडावर पळी धरून तुझी चूक तुला दाखवते, तिच्या शेजारी घर बांधावं, अडीअडचणीला ती पोटात एक ओठात एक करणार नाय. पाटल्या मोडल्या. सोनाराला देताना एकदा परत मागून घेतल्या, खोटं कशाला सांगू? तीन खोल्या झाल्या, एकीत आम्ही, दोन भाड्यानं, थोरल्याच्या पाठच्या दोघांची बाळंतपणं गोमीबायनंच केली, आणि पोरं धडधाकट हायत. हे अजून मला टोचून बोलतात, उल्हासनगरच्या त्या जागेला आज काय भाव आलाय ठाऊक हाय काय. मी म्हणते, असू दे, तुमच्या आयशीला सांगा, तिच्या डाळीनं घालवला.

आणि परवाची गोष्ट. देवीबाई येते अधनंमधनं, तशी आली, पण पायरीवरच बसली, आत येईना. म्हणाली, भेण, माझ्या पोरानं धंद्यात बरं कमावलं, घर घ्यायचं म्हणतो, आणि मला विचारलं, अम्मां, कुठल्या गावात घेऊ? मला विचारलं! मी म्हटलं, मंग इकडं ये बेलवलीत, माझ्या शेजारी, विहीर हाय, आंबे हायत. तिनं मान हलवली. म्हणाली, मी कॅम्पच सांगितलं. पहिल्यांदा तिथं आणून टाकलं होतं, आता मी निवडलंय.

मी उठले, ह्या वर्षी आमच्या कुंपणाला झालेली तूर होती, तिची डाळ तिच्या पदरात ओतली, म्हटलं, नव्या घरात पहिली हीच शिजव, बाई, सुखी राहा. तिनं दोन दाणे उचलून दाताखाली धरले, डोळे पुसले आणि मला म्हणाली, नवी हाय ना गं?