मंग भाता कोण हलवून राहिला?

नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आपलं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, तेव्हाची गोष्ट हाये. माह्या काकानं नागपुराहून एका अमेरिकन पियानोवाल्याची तबकडी आणली. ग्रामोफोनवर लावली तं चहाले आलेल्या रामभाऊंचा कप हातातच राहिला. रामभाऊ म्हणजे जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीपुढं दर शनिवारी भजनाले पेटी वाजवणारे.

ते म्हणाले, "दोघं वाजवून राहिले."

काका म्हणाला, "एकच हाये, रामभाऊ. दोन्ही हातानं वाजवते."

"मंग भाता कोण हलवून राहिला?"

काकानं सांगितलं, पियानोले भाता नसते, आतमंदी तारा असतात. रामभाऊंनी तबकडी पुन्हा लावाले सांगितली अन् आपल्या डाव्या हाताकडं पाहत बसले. "म्हणजे हा जलमभर नुसती हवाच भरत राहिला."

पुढच्या शनिवारी त्यांनी काकाले भात्यावर बसवलं अन् स्वतःचे दोन्ही हात पेटीवर ठेवले. भजन असं धावलं का टाळवाले मागं सुटले अन् काका घामानं ओला झाला.

शेवटी म्हातारे पुजारी शांतपणे म्हणाले, "रामभाऊ, मारुती आत्ताच लंकेहून येऊन निजला. त्याले पुन्हा कुठी पळवून राहिला?"