काकवीच्या रंगाची बाटली

सयाजी : तार हातात पडली तवा मी दहिवडीच्या बाजारात मेंढरं बघत व्हतो, दाजी. पोस्टमन म्हनला, सुभेदार, आधी खाली बसा. मी म्हनलं, लढाईत बसलो न्हाई, आता कशापायी बसू? वाच तू. त्यानं वाचलं, 'येसू गेली, आकाराम.' मग बसलो.

आकाराम : मला दुसरं काय लिवायला सुचलं न्हाई, सुभेदार.

सयाजी : गाड्या बदलत सांगलीत पोचलो, तर तुमी राख सावडून नदीवरनं परत येत व्हता. सख्ख्या धाकट्या भनीचं तोंड बघायला मिळालं न्हाई.

रंगुबाई : पावणं, ते मागनं बोला. आधी वर बघा. पत्र्यावर पान ठेवून किती येळ झाला, आन ह्यो मेला कावळा शेवग्यावर बसून नुसती मान वाकडी करतोय. आत मानसं ताटाची वाट बघत बसल्यात.

(आहेव नवमी, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या म्हाळाचा दिवस. आकारामच्या घरामागचं अंगण. पत्र्याच्या छपरावर येसूबाईच्या म्हाळाचं पान.)

आकाराम : यील, आक्का. जरा दम धर.

रंगुबाई : काय यील? दिस डोक्यावर आला. पाठच्या भावाची बायको म्हनून सगळं तिच्या आवडीचं केलं मी. पुरनपोळी, खीर, वडं, गवारीची भाजी, आळूचं फदफदं. घरोघरचं कावळं जेवून झोपलं आसतील. काय ऱ्हायलं तिचं? नवरा तू, तूच सांग.

आकाराम : काय न्हाई ऱ्हायलं.

सयाजी : मंग खाली बघून का बोलताय? थांबा, मी सांगतो तिला. येसू! मी आलोय गं, तुझा दादा. दाजींची काळजी करू नगंस. त्यांच्या जेवनाखान्याचं, दुखन्याखुपन्याचं सगळं आमी बघतो. चल, घास घे.

रंगुबाई : घेतला का? उलटा पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. पावणं, कावळ्याला आवाज देताय का पलटनीला?

सयाजी : माझा आवाज तसाच हाय, आक्का.

रंगुबाई : आका, इकडं बघ. तू सकाळधरनं न्हानीतल्या रांजनाकडं किती खेपा घातल्यास? आन तिथल्या कोरड्या कोपऱ्यात वाळूवर तांब्यानं पानी वततोस. मी आली त्या दिवसापास्नं बघती. म्हनलं, बायको गेल्यावर मानसाचं डोस्कं फिरतं. पर आता इचारती. तिथं काय हाय?

आकाराम : वाळू हाय.

रंगुबाई : वाळू पेरलीस का?

आकाराम : आक्का, नगं इचारू. सांगितलं तर सुभेदार जेवल्याबिगर उठून जातील. ती गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर सैपाकाला जायला लागली, तवापास्नं त्यांनी ह्या उंबऱ्यात पाय ठेवला न्हवता. लय लागलं व्हतं तिला. दर दिवाळीला दारात उभी ऱ्हायची भाऊबीजेची. आता कुठं ते आल्यात, आन मी तिचं नाव घालवू?

सयाजी : रागावलो व्हतो मी. लोक मला बोलायचं, सुभेदाराची भन गोऱ्याची भांडी घासती. पर आता कुणावर रागावू? बोला तुमी. ऑर्डर समजा.

आकाराम : हळू बोला. पलीकडं पोलीस जमादार ऱ्हातोय. वाळूत... बाटली हाय.

सयाजी : कसली?

आकाराम : बिअरची. जर्मनीची.

रंगुबाई : अगं बया! एक अजून हाय व्हय?

सयाजी : आक्का, तुमाला म्हाईत व्हतं?

रंगुबाई : मला यकदा घोटभर दिली व्हती तिनं. कडू. तोंड धुवून आली मी.

सयाजी : म्हंजी दाजी, तुमी घेता?

आकाराम : घ्यायचो. तिच्यासंगं.

सयाजी : कुणासंगं?

आकाराम : येसूसंगं. मला काय, मिळाली तर मिळाली. तिला आवडायची.

सयाजी : माझी भन दारू पीत व्हती? आन हे तुमी मला तिच्या म्हाळाला सांगताय? आमच्या घरात बायामानसानं कवा...

रंगुबाई : का वो पावणं, मिल्ट्रीच्या क्यांटिनातली रम रोज दिवेलागनीला कोन घेतं? तुमच्याच बायकोनं सांगितलंय मला.

सयाजी : ते औषध हाय. गुडघ्यासाठी.

रंगुबाई : मंग गुडघ्याला चोळा की. प्यायची कशापायी?

सयाजी : आक्का, थट्टेची येळ हाय का ही?

आकाराम : न्हाई, सुभेदार. थट्टा न्हाई. तुमाला जायचं तर जावा, पर आर्धं ऐकून जाऊ नगा. दारूडी न्हवती ती. वरसातनं यकदा, ह्याच दिसात, पाऊस सरल्यावर. आमच्या कारखान्यात मशिनी बसवायला त्यो जर्मन साहेब आला व्हता दुष्काळाच्या आधी. त्याच्याकडं दारूचं परमीट व्हतं, मुंबईहून खोकं यायचं. त्याची बाई येसूला म्हनली, ही आमच्याकडं मार्च महिन्यात घालत्यात, उन्हाळाभर गार तळघरात ठेवत्यात, आन पिकं निघाली की फोडत्यात. येसू घरी येऊन मला म्हनली, आवं, शिमग्याला घालायची आन दसऱ्याला फोडायची, लोनच्यासारखंच की! त्या लोकांस्नी बी मुरवायचं कळतं म्हनली.

रंगुबाई : लोनचं म्हन!

आकाराम : पयल्यांदा साहेबाच्या व्हरांड्यात बसलो आमी चौघं. ऊन बाटलीतनं आरपार आलं. काकवीचा रंग, गुऱ्हाळावर पयल्या उतारीची काकवी आसती ना, तसा. मला वाटलं ग्वाड आसंल. तर ग्वाड न्हाई आन लय कडू बी न्हाई. भाकरीचा पापुद्रा तव्यावर जरा करपतो, त्याचा वास. साहेबाची बाई वर मीठ लावलेलं पावाचं कडं करायची. येसू म्हनली, ह्ये तर कडबोळं! मग दुसऱ्या साली हिनं खरी कडबोळी तळून नेली. साहेबानं डबा रिकामा केला, आन ह्या घरात ती कवा हसली नसंल तेवढी त्या दिवशी हसली.

सयाजी : हसायची व्हय तिथं.

आकाराम : साहेब परत गेला तवा बाईनं तिला दोन बाटल्या दिल्या. यक आमी इथं ह्याच अंगनात घेतली. दुसरी तिनं वाळूत पुरली. रोज पानी घालायची, गार ऱ्हावी म्हनून. गेल्या साली फोडू म्हनलं, तर तिला ताप. म्हनली, ऱ्हाऊ द्या, फुडल्या भादव्यात. आखाडातच गेली. मला काय वाटतं सांगू? कावळा त्याच्यावरच अडलाय. पर म्हाळाच्या पानावर बिअर कशी ठेवू? बामन काय म्हनंल? जमादारानं बाटली बघितली तर? आन तिच्या थोरल्या भावासमोर?

सयाजी : गिलासभर प्यायची?

आकाराम : लहान गिलास. आन पिन्याआधी वरचा फेस खायची, बोटानं. मी चिडवायचो. नाकाच्या शेंड्याला फेस लागायचा, आन तिला कळायचंच न्हाई. तशीच बोलत बसायची.

सयाजी : कुठल्या बोटानं?

आकाराम : आँ?

सयाजी : करंगळीनं खायची का?

आकाराम : व्हय. करंगळीनं. तुमाला कसं...

सयाजी : आमच्या आज्ज्यानं वड्याकाठच्या शिंदीला मडकं बांधलं व्हतं. पहाटंचं मडकं उतरवायला आमी दोघं जायचो. मी आठवी-नववीचा, ती येवढीशी. आज्ज्याची पाठ फिरली की ती मडक्यात करंगळी घालून फेस खायची. मी बी खायचो. यकदा आईनं तिच्या नाकावर फेस बघितला. इचारलं, शिंदी कुनी चाखली? मी गप ऱ्हायलो. मार तिनं खाल्ला. माझं नाव घेतलं न्हाई, आक्का. येवढीशी व्हती, पर नाव घेतलं न्हाई.

रंगुबाई : पावणं, डोळं पुसा.

सयाजी : आन मी तिच्या दाराला पाच दिवाळ्या गेलो न्हाई. गोऱ्याच्या घरचं खाती म्हनून. येसू, फेसच खात व्हतीस की गं. अजून फेसच खात व्हतीस.

रंगुबाई : गप! हलू नगा कुनी.

आकाराम : काय झालं?

रंगुबाई : वर बघ. हळू. आला. पानावर बसला. वडा उचलला बघ त्यानं... खीर बी... आरं, पुरनपोळी वढतोय! शिवला, आका, शिवला!

आकाराम : बाटली तर आतच हाय.

रंगुबाई : मंग? बाटलीसाठी न्हवती अडली ती. कशासाठी अडली व्हती ते ह्या सुभेदारास्नी इचार.

सयाजी : मी काय केलं? मी तर नुसतं बोललो.

रंगुबाई : तेच. चला आता, हातपाय धुवा. ताटं वाढती मी. मानसं भुकेनं येडी झाली आसतील.

सयाजी : दाजी, थांबा. बाटली आना भायेर. आपुन फोडू. जमादार आला तर माझं परमीट दाखवतो, काय बिघडत न्हाई. तुमी घ्या, मी घेतो. मला बी बघू द्या तो काकवीचा रंग.

आकाराम : आज न्हाई, सुभेदार.

सयाजी : का? माझा राग धरलाय?

आकाराम : तुमचा न्हाई. सकाळी दोन गिलास धुवून फळीवर पालथं घातलं मी. हात सवयीनंच गेला. मग दुसऱ्या गिलासाकडं बघत बसलो. तिचा गिलास कुनाच्या हातात द्यायचा, ते मला अजून कळंना.

सयाजी : बरं. मंग दसऱ्याला येऊ का मी? येताना कडबोळी आनतो. बायकोला सांगतो करायला.

आकाराम : या. जरूर या. घर तुमचंच हाय.

सयाजी : तवा फोडायची?

आकाराम : म्हाईत न्हाई. तुमी जेवायला बसा. मी वाळूवर तांब्याभर पानी घालून आलोच. फोडायची तेवढी ऱ्हायलीया.